बोन्सायसाठी ट्रायडेंट मेपलची रोपे : सात हंगामांनंतरचा अभिप्राय

मार्च २०१९ मध्ये मी पेनसिल्वेनियातील एका लहान, घरगुती रोपवाटिकेकडून ट्रायडेंट मेपलची, म्हणजे तीन टोकांच्या पानांच्या मेपलची, दोन वर्षांची तीन रोपे मागवली. प्रत्येक रोपाची किंमत १८ डॉलर होती आणि टपालखर्च वेगळा होता. रोपे मातीविना आली; मुळांना ओल्या वर्तमानपत्राची जाड गुंडाळी आणि तिच्यावर घट्ट बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी. डोळे (कोंब फुटण्याच्या जागा) अजून मिटलेले होते, खोड पेन्सिलीएवढे, जाडी मोजायचे कॅलिपर लावल्यावर जेमतेम ७ मिलिमीटर भरले. घरच्यांना त्यात पाहण्यासारखे काही दिसले नाही आणि वरून पाहणाऱ्याला ते दिसणारही नव्हते, कारण या रोपांचे सगळे मोल मुळांच्या बाजूला होते. गुंडाळी सोडून रोप उलटे धरले, तेव्हा मुळांचा खालचा भाग तळहातासारखा सपाट होता. सोटमूळ रोप अगदी कोवळे असतानाच कापलेले होते, कापलेली जागा भरून आलेली होती आणि तिच्याभोवती सात-आठ बारीक मुळे चाकाच्या आऱ्यांसारखी चारही बाजूंना, जवळजवळ एकाच पातळीवर पसरलेली होती. मी १८ डॉलर दिले ते या आठ मुळांचे, असे आज सात हंगामांनंतर मला खात्रीने म्हणता येते.

बोन्सायमध्ये बुंध्याच्या तळाशी मुळे जिथे जमिनीवर उघडी पसरतात, त्या भागाला नेबारी म्हणतात. मेपलसारख्या पानगळीच्या झाडात हिवाळ्याचे चार महिने पाने नसतात, त्यामुळे नजर आधी तिथेच जाते. ट्रायडेंट मेपलची जवळजवळची मुळे जाड होताना एकमेकांत मिसळून जातात आणि वर्षांनुवर्षांनी बुंध्याखाली अखंड पसरट बैठक तयार होते. पण त्यासाठी सुरुवातीची मुळे एका पातळीवर आणि सर्व बाजूंना असावी लागतात. एकच मूळ जाडजूड आणि बाकीची दोऱ्यासारखी असतील, तर बुंधा त्या एका बाजूलाच फुगतो आणि पुढे हा दोष काढायला जितकी वर्षे जातात, तितक्या वर्षांत नवे झाड तयार होते. बहुतेक विक्रेते रोपाचा फोटो दाखवताना पाने दाखवतात. या रोपवाटिकेच्या यादीत मात्र प्रत्येक जातीच्या एका नमुन्याच्या मुळांचा, धुऊन घेतलेला, खालून काढलेला फोटो होता. मी तिच्याकडे वळलो तो त्या फोटोमुळे.

मागणी नोंदवताना फोनवर रोपवाटिकेच्या मालकीणबाईंशी बोलणे झाले. त्यांनी मला विचारले की, झाड अखेर किती उंच हवे आहे. मी ३० सेंटिमीटर म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग ५ सेंटिमीटरचा बुंधा डोळ्यांपुढे ठेवा, रोप जमिनीत लावा आणि खालची एकही फांदी चार वर्षे कापू नका; झाड वेडेविद्रे दिसेल, ते दिसू द्या. विक्रेत्याने गिऱ्हाइकाला आधी हा प्रश्न विचारावा, याचे मला फार अप्रूप वाटले. उंची ही बुंध्याच्या व्यासाच्या साधारण सहापट असावी, असा जो ढोबळ ठोकताळा बोन्साय करणारे वापरतात, त्यावरूनच त्यांनी हा आकडा दिला होता.

तीन रोपे मी तीन ठिकाणी लावली. पहिले परसात जमिनीत लावले. दुसरे भाजी धुण्याच्या प्लॅस्टिकच्या चाळणीत लावून ती चाळणी वाफ्यात अर्धी पुरली, कारण चाळणीच्या भोकांतून बाहेर डोकावणारे मुळाचे टोक हवेत सुकते आणि मागे तंतुमुळांचा झुपका फुटतो. तिसरे रोप एका सुंदर निळ्या चिनी कुंडीत गेले, कारण कुंडी घरात होती आणि मला ती वापरायची होती. मध्य न्यू जर्सीतील आमच्या भागाची माती तांबडी, शेल खडकाची आणि चिकट आहे. मी तिच्यावर वीतभर उंचीचा वाफा करून त्यात पाइनच्या सालीचे तुकडे आणि कंपोस्ट मिसळले. जमिनीतल्या रोपाखाली ३० सेंटिमीटरची फरशीची एक टाइल आडवी ठेवली. मुळे टाइलवर हाताने आऱ्यांसारखी मांडली, ती हलू नयेत म्हणून त्यांच्यावर बांबूच्या काड्या टोचल्या आणि मग माती टाकली. टाइलमुळे मुळांना खाली शिरता येत नाही, ती आधी आडवीच पसरतात. जपानमध्ये तोशिओ एबिहारा यांनी मेपलची मुळे लाकडी फळीवर खिळे ठोकून मांडण्याची जी पद्धत रूढ केली, तिचेच हे घरगुती रूप आहे.

त्याच दिवशी मी खोडाच्या तळाच्या १० सेंटिमीटरला अॅल्युमिनियमची तार गुंडाळून त्याला दोन वळणे दिली. हे काम पहिल्याच वर्षी करायचे असते. खोड बोटाएवढे झाले की ते वळत नाही. तार जूनच्या पहिल्या आठवड्यात काढली, तोवर ती सालीत किंचित रुतली होती. वाढीच्या दिवसांत मेपलवरची तार दर आठवड्याला पाहावी लागते, नाहीतर मळसूत्रासारखा व्रण कायमचा राहतो.

यानंतरच्या चार वर्षांत मला जे करायचे होते ते मुख्यतः न करण्याच्या स्वरूपाचे होते आणि नवशिक्याला तेच सर्वांत जड जाते. खोड जाड होते ते पानांमुळे. पानांत तयार झालेले अन्न सालीतून खाली उतरते आणि सालीखालचा जिवंत थर त्यावर दरवर्षी लाकडाचे नवे कडे चढवतो. म्हणून एखादी फांदी खोडाला जिथे चिकटलेली असते, त्या जागेच्या खालचे खोड ती पोसते, वरचे नाही. तळाजवळची फांदी मोकळी वाढू दिली तर फक्त तळ फुगतो आणि बुंधा खाली रुंद, वर निमुळता होतो. हीच फांदी ‘कुरूप दिसते’ म्हणून पहिल्या वर्षी छाटली, तर खोड खालपासून वरपर्यंत काठीसारखे एकाच जाडीचे राहते. अशा फांद्या अखेरीस कापायच्याच असतात, बुंध्यासाठी त्यांचा बळी दिला जातो. पण काम झाल्यावर, आधी नाही. जमिनीतल्या माझ्या रोपाला तळापासून ६ सेंटिमीटरवर समोरासमोर दोन फांद्या होत्या. मी त्या दोन्ही राखल्या, शेंड्यालाही हात लावला नाही, एप्रिलपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत भरपूर खत घातले आणि नंतर बंद केले, म्हणजे कोवळे फुटवे थंडीआधी पक्के व्हावेत.

२०२२ च्या शरदात पाने गळल्यावर मोजमाप घेतले. चार हंगाम पूर्ण झाले होते. जमिनीतले झाड ३ मीटरच्या वर गेले होते आणि मुळांच्या लगेच वर त्याचा बुंधा ५.१ सेंटिमीटर भरला. चाळणीतल्या रोपाचा बुंधा ३ सेंटिमीटर होता. निळ्या कुंडीतले रोप पानांनी सुरेख होते, ऑक्टोबरमध्ये ते नारिंगी होई तेव्हा पाहुणे त्याचेच फोटो काढत. त्याचा बुंधा १.६ सेंटिमीटर होता. तिन्ही रोपे एकाच खेपेची, तिन्हींना तेच ऊन आणि तेच खत. कुंडीतल्या रोपाला आणखी एक जोखीम असते. ट्रायडेंट मेपलची मुळे मांसल, पाण्याने भरलेली असतात. जमिनीत त्यांना आमचा हिवाळा सहज सोसतो, पण उघड्यावरच्या कुंडीत कडक गोठणात ती फुटून सडतात. कुंडी दर डिसेंबरला गॅरेजमध्ये न्यावी लागते आणि मार्चमध्ये बाहेर काढावी लागते.

चाळणीतल्या रोपाबाबत एक नुकसान माझ्या निष्काळजीपणाने झाले, ते सांगणे जरूर आहे. फेब्रुवारी २०२१ च्या मोठ्या बर्फात सशांना खायला काही उरले नव्हते. बर्फ वितळल्यावर पाहिले तर जमिनीपासून ४ सेंटिमीटरवर निम्म्या घेराची साल त्यांनी दातांनी सोलून नेली होती आणि आतले पांढरे लाकूड उघडे पडले होते. पूर्ण घेर सोलला गेला असता तर वरचे झाड मेले असते. तेव्हापासून प्रत्येक खोडाभोवती नोव्हेंबरमध्ये बारीक जाळीचा लोखंडी पत्रा गोल करून मातीत थोडा रोवून ठेवतो. तो व्रण आजही दिसतो आणि त्या झाडाची ती बाजू आता पाठीमागची बाजू झाली आहे.

मार्च २०२१ मध्ये जमिनीतले झाड एकदा उपटून पाहिले. टाइलवर मुळे पाटासारखी पसरली होती. दोन मुळे इतरांच्या दुपटीने जाड झाली होती, ती मागे कापून त्यांचे बळ कमी केले, खाली वळलेली सगळी काढली आणि झाड पुन्हा त्याच टाइलवर ठेवले. दर दोन वर्षांनी हे केले नाही तर दोन-तीन मुळे सगळे अन्न स्वतःकडे ओढतात. त्या वर्षी वाढ थोडी मंदावली, पण मुळांचा समतोल टिकला. मालकीणबाईंनी सोटमुळावर घेतलेल्या पहिल्या कापाची शिस्त इथे उपयोगी पडली. जुन्या कापाच्या जागेतून खाली जाणारे एकही मूळ पुन्हा फुटले नव्हते.

मग मार्च २०२३ मध्ये, डोळे फुगायला लागण्याच्या आधी, ३ मीटरचे झाड ९ सेंटिमीटरवर कापले. हा दिवस मी दोन वेळा पुढे ढकलला होता. करवत जपानी, ओढताना कापणारी. बुंधा कापायला दोन मिनिटेही लागली नाहीत. काप आडवा घेतला, तिरका नाही, कारण नवा कोंब नेमका कुठून फुटेल ते आधी कळत नाही आणि तिरका काप चुकीच्या बाजूला पडला तर त्याच्या खालच्या टोकाशी लाकूड वाळत जाते. कापलेल्या जागेतून दिवसभर रस पाझरत राहिला. मेपलच्या बाबतीत हिवाळ्याच्या अखेरीस हे होतेच, त्याने झाड मरत नाही. रस थांबल्यावर कडेने जखमेवरचा लेप लावला. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात कापाच्या खाली, जुन्या पेराच्या वळीवर, सालीतून टाचणीच्या डोक्याएवढे तांबूस ठिपके दिसू लागले. मी मोजले ते अकरा होते. नुसत्या ओंडक्यातून असे फुटवे देण्यात ट्रायडेंट मेपलचा हात धरणारे झाड थोडेच आहे आणि बुंधा घडवायला शिकणाऱ्याने जपानी मेपलच्या आधी ट्रायडेंट घ्यावा, या मताला माझ्याकडे हेच पहिले कारण आहे. जपानी मेपलमध्ये कापानंतर लाकूड अनेकदा खालच्या पेरापर्यंत वाळते आणि डोळा हवा तिथे फुटेलच असे नसते.

अकरांपैकी तीन कोंब ठेवले : एक शेंडा व्हायला, दोन कापाच्या कडेला जखम भरून काढायला. पुढच्या जूनमध्ये शेंड्याच्या कोंबाने जोर धरल्यावर मूळचा आडवा काप त्याच्या दिशेने तिरका केला आणि कडा धारदार चाकूने गुळगुळीत केल्या. नवा शेंडा पुन्हा मोकळा वाढू दिला, पहिल्या वर्षी तो सव्वा मीटर गेला. मार्च २०२५ मध्ये तो ६ सेंटिमीटर ठेवून कापला. प्रत्येक नवा टप्पा मागच्यापेक्षा आखूड आणि बारीक ठेवला की खोड नैसर्गिक रीतीने निमुळते होत जाते.

मी रोपवाटिकेची एवढी बाजू घेतो, त्याला दुसरी एक खरेदी कारणीभूत आहे. २०१९ मध्येच एका मोठ्या गार्डन सेंटरमधून मी लाल पानांचा जपानी मेपल ६० डॉलरना घेतला होता. खोड तेव्हाच ३ सेंटिमीटर जाड होते आणि मला वाटले, तीन वर्षे वाचली. ते कलमी झाड होते. खुंट आणि कलमाची डहाळी यांच्या सालीचा पोत वेगळा होता, जोडावर अंड्याएवढा फुगवटा होता आणि तो जोड मातीपासून बरोबर १२ सेंटिमीटरवर, म्हणजे बोन्सायमध्ये जिथे नजर ठरते तिथे होता. कुंडीत मुळे एकमेकांवर वेटोळे घालून बसली होती. दुकानातील माणसाला मी कलमाबद्दल विचारले होते आणि त्याने ‘बोन्सायला चालेल’ असे सांगितले होते. अंगणात शोभेसाठी लावायला ते झाड उत्तम होते, पण माझ्या कामाचे नव्हते. अखेर मे २०२१ मध्ये जोडाच्या वर गुटी बांधली. डाळिंबाला आपल्याकडे बांधतात तशीच : सालीचे कडे पूर्ण सोलून काढायचे, आतला हिरवा ओलसर थर चाकूने खरवडायचा, मुळे फुटण्यासाठीचे संजीवक लावायचे आणि भिजवलेल्या स्फॅग्नम मॉसचा (पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळाचा) गोळा प्लॅस्टिकने घट्ट बांधायचा. कडे खोडाच्या जाडीपेक्षा रुंद ठेवले, नाहीतर झाड साल पुन्हा जोडून घेते. सप्टेंबरमध्ये पांढरी मुळे प्लॅस्टिकला टेकलेली दिसली आणि तो भाग वेगळा केला. झाड वाचले, मुळेही गोल फुटली. पण वाचतील असे वाटलेली तीन वर्षे त्यात गेलीच.

साहित्याबद्दल थोडक्यात. जपानहून येणारी अकादामा माती महाग आहे आणि झाड अखेरच्या कुंडीत जाईल, फांद्यांची नाजूक घडण सुरू होईल, तेव्हा तिचा उपयोग आहे; बुंधा वाढवण्याच्या वर्षांत तिच्यावर पैसे घालू नयेत. चाळणीसाठी प्युमिस (सच्छिद्र, हलकी ज्वालामुखी खडी) आणि पाइनची साल यांचे मिश्रण पुरेसे झाले. जखमेचा लेप मात्र चांगला घ्यावा आणि करवतीत काटकसर करू नये, कारण फाटलेल्या कडेवर साल चढत नाही.

रोपवाटिकेबद्दलच्या माझ्या तक्रारीही आहेत. तिन्ही रोपांचे खोड सरळसोट होते. कोवळेपणी एक वळण दिले असते तर गिऱ्हाइकाचे काम वाचले असते आणि त्यासाठी मी दोन डॉलर जास्त आनंदाने दिले असते. मागणी फक्त फोनवर घेतली जाते आणि फोन आठवड्यातून दोनच दिवस उचलला जातो. रोपे बियांपासून केलेली असल्याने पानांत फरक असतो : माझ्या तीनपैकी एकाची पाने इतरांपेक्षा ठळकपणे मोठी आहेत आणि बोन्सायमध्ये लहान पानाचे रोप निवडून घेता आले तर फायदा होतो, पण पाने नसताना येणाऱ्या रोपांत ही निवड गिऱ्हाइकाला करता येत नाही आणि यादीत तसे लिहिलेले नाही. त्यांची पाच वर्षांची रोपे ४५ डॉलरना मिळतात. मी ती खरेदीनंतरच्या वर्षी जाऊन पाहिली. बुंधा अडीच सेंटिमीटर आणि मुळे चांगली होती, पण ती सगळी वर्षे कुंडीत गेल्यामुळे खालच्या फांद्या छाटलेल्या होत्या. ज्याच्याकडे वाफाभर जमीन आहे त्याने दोन वर्षांचेच रोप घ्यावे. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. त्याने दुसऱ्याने जमिनीत वाढवून कापलेला बुंधा विकत घ्यावा, तो महाग पडला तरी.

वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये बोन्साय आणि पेंजिंगचे (कुंडीतल्या झाडांच्या चिनी कलेचे) जे संग्रहालय आहे, तिथे प्रवेश विनामूल्य आहे आणि आमच्या घरापासून तीन-साडेतीन तासांची वाट आहे. जपानने १९७६ मध्ये भेट दिलेल्या ५३ झाडांपासून ते सुरू झाले. मेपल कापण्यापूर्वी मी तिथे पाने गळाल्यावर गेलो होतो आणि तसेच जावे असे सुचवतो, कारण तेव्हा जुन्या मेपलच्या खोडावर भरून आलेले काप शोधता येतात. पहिला काप कुठे झाला असेल ते निमुळतेपणाच्या पायरीवरून ओळखता येते. पानांनी झाकलेल्या झाडात हे काही दिसत नाही.

साताऱ्याहून माझे मामेभाऊ दोनदा विचारून झाले आहेत की, यातले एक रोप तिकडे आणता येईल का. मी त्यांना नको म्हटले. या झाडाला हिवाळ्याची खरी झोप लागते, ती दोन-तीन महिने मिळाली नाही तर ते वर्षागणिक खचत जाते आणि एप्रिल-मेच्या उन्हात कुंडीतली पाने कडेने करपतात. शिवाय रोपे देशाबाहेर नेण्याचे नियम वेगळेच. त्यांच्या परसात उंबराचे आपोआप उगवलेले रोप आहे. त्याखाली फरशी ठेवणे, खालची फांदी राखणे, मोकळे वाढू देणे आणि मग कापणे, हे सगळे तिथे जसेच्या तसे लागू पडते, फक्त काप पावसाच्या तोंडावर घ्यायचा. त्यांनी या जूनमध्ये फरशी ठेवली आहे.

जमिनीतल्या झाडाची पहिली जखम ५ सेंटिमीटर रुंद होती. या ऑक्टोबरमध्ये दोन्ही बाजूंनी साल ओठांसारखी फुगून आत सरकली आहे आणि मध्ये दीड सेंटिमीटरची उघडी फट उरली आहे. ती बुजेपर्यंत कडेचे दोन बळी-कोंब ठेवतो आहे. रोपवाटिकेची यादी जानेवारीत निघते आणि ट्रायडेंट मेपल आता फेब्रुवारीअखेर संपतो. मी या वेळी आणखी दोन रोपे सांगून ठेवली आहेत आणि फोनवरच बजावले आहे की, एकाच आकाराच्या, लहान पानांच्या झाडाखालचीच द्या.